फलाट तेवढा खरा सांगायचा

आमच्या घरमालकांचं कुठलीही गोष्ट एकदा सांगून भागत नसे. 'नळाला पाणी आलंय' हे ते जिन्याच्या तळाशी उभे राहून तीनदा सांगत. पहिल्यांदा नुसतं, दुसऱ्यांदा सावकाश आणि तिसऱ्यांदा 'पाणी' या शब्दावर जरा रेंगाळून. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मी दाढीला साबण लावून उभा असे. मला वाटे, आता पाणी धडधडत येऊन कुठल्यातरी फलाटावर थांबणार.

यात त्यांचा दोष नव्हता. एका मोठ्या जंक्शनवर त्यांनी उभी नोकरी गाड्यांची घोषणा करण्यात घालवली होती. निवृत्त झाले तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. दूधविनायकाच्या त्या गल्लीत त्यांना सगळे 'अनाउंसर साहब' म्हणत. मी काका म्हणायचो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बँकेने मला अकोल्याहून उचलून बनारसला टाकलं, तेव्हा कोणीतरी तिथलं मराठी घर म्हणून यांचा पत्ता दिला. मी दारात उभा राहून 'खोली मिळेल का' असं विचारलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "मिळेल. पण तुम्ही जे विचारलंत ना, ते शेवटच्या शब्दापर्यंत पोचेस्तोवर मेलं. पहिले 'खोली' म्हणा. मग श्वास घ्या. मग पुढचं." भाडेकरू म्हणून माझी परीक्षा तिथेच संपली. बाकी पगार, जात, गोत्र काही विचारलं नाही.

लोकांच्या कानात एखादी गोष्ट कशी जाते, हा त्यांच्या आयुष्याचा विषय. त्यावर बोलायला लागले की चहा निवायचा. "अहो, स्टेशनावर माणूस ऐकायला येतच नाही," ते म्हणायचे. "तो पोरं सांभाळतो, ट्रंकेवर बसतो, बायकोशी भांडतो. आपण जायचं ते या सगळ्याच्या फटीतून. मग त्याला गाडीचं सगळं खानदान सांगून काय फायदा? तो एकच ऐकतो, फलाट नंबर. तो ऐकला की उठतो आणि चालायला लागतो. वोटर काही वेगळा नसतो."

हा वोटर मध्येच कुठून आला, तर त्या दशकात निवडणुका फार. दिल्लीची झाली की लखनौची, लखनौची झाली की वॉर्डाची. भिंतीवरचा एक रंग वाळायच्या आत त्यावर दुसरा चढायचा. आणि प्रत्येक वेळी निरनिराळ्या झेंड्यांचे लोक आमच्या दारासमोरच्या चौतऱ्यावर येऊन बसत. काका तिथे लुंगी आणि बंडीवर बसलेले असत. गालात पान, मान किंचित वर.

"का गुरु, कुछ बना दीजिए," पुढारी म्हणे. म्हणजे प्रचाराची घोषणा.

काका डोळे मिटून ऐकत. त्यांची फी म्हणजे मगही पानाचा एक विडा. कोणत्या पक्षाचा विडा, याला महत्त्व नव्हतं. मी एकदा न राहवून विचारलं, "काका, तुमचं स्वतःचं मत कोणाला?" ते म्हणाले, "मी रेल्वेचा माणूस. गाडी कोणतीही असो, आवाज एकच."

त्यांच्या कसोट्या दोन. पहिली पानाची. बनारसचा माणूस दिवसातला निम्मा वेळ तोंडात पान धरून, मान वर करून बोलतो. तेव्हा जी गोष्ट पान न थुंकता सांगता येते, तीच गल्लीत फिरते, असा त्यांचा सिद्धांत. पुढाऱ्याने आणलेलं वाक्य ते आधी स्वतः गालात पान ठेवून म्हणून बघत. "'सर्वांगीण विकास' नाही चालणार," ते मला एकदा गंभीरपणे म्हणाले. "कुर्त्यावर पडतं." मी बँकेत गेल्यावर चहाच्या वेळी पान लावून 'सर्वांगीण विकास' म्हणून पाहिलं. शर्ट धोब्याकडे टाकावा लागला.

दुसरी कसोटी मंगळवारची. मंगला गौरीच्या दर्शनाला मंगळवारी बायकांची रांग लागते, ती पायऱ्यांवरून पार खाली गल्लीत येते. काका पुढच्या टोकाला कोणातरी ओळखीच्या बाईला आपली नवी घोषणा सहज बोलता बोलता सांगत, आणि मग रमतगमत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहत. तिथपर्यंत काय येऊन पोचतं ते बघायचं. जे पोचलं ते आपलं, वाटेत गळलं ते गळलं.

एकदा एक विद्वान उमेदवार आले. जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला शबनम, बोलणं अगदी विद्यापीठातलं. त्यांच्याकडे पाच मुद्दे होते आणि एकही सोडायला तयार नव्हते. काकांनी पाचही मुद्दे रांगेत सोडले. शेवटच्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "अरे, ऊ चश्मेवाले हैं न, कुछ नल-वल कह रहे हैं." काका परत आले आणि विद्वानांना म्हणाले, "तुमचं झालं. एक चश्मा, एक नळ. बाकी घरी ठेवा." विद्वान दुखावले. पण दुसऱ्या दिवसापासून गल्लीगल्लीत फक्त चष्मा आणि नळाचं चित्र दिसायला लागलं, आणि ते गृहस्थ चांगल्या फरकाने निवडून आले. पुढे नळाला पाणी आलं की नाही, हे मला विचारू नका.

मीही तेव्हा तरुण आणि तत्त्वाचा होतो. म्हणालो, "काका, ही सरळ फसवणूक आहे. लोकांना पूर्ण गोष्ट कळली पाहिजे."

ते रागावले नाहीत. पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "बरोबर आहे तुमचं. मीही नोकरीभर खोटं बोललोय. 'गाड़ी थोड़ी ही देर में आ रही है.' थोड़ी देर म्हणजे कधी कधी सकाळची संध्याकाळ. पण एक ध्यानात ठेवा. वेळ खोटी सांगितली तर माणूस शिव्या देतो आणि थांबतो. फलाट खोटा सांगितला तर त्याची गाडी जाते. मी फलाट कधी खोटा सांगितला नाही."

हे नुसतं बोलणं नव्हतं. एका मतदानाच्या आदल्या दिवशी चार दांडगे लोक उत्तम विडा घेऊन आले. त्यांना एवढंच हवं होतं, की समोरचा उमेदवार 'बैठ गया', म्हणजे त्याने माघार घेतली, असं काकांच्या आवाजात भोंग्यावरून एकदा सांगायचं. काकांनी विडा तोंडाजवळ नेला होता, तो तसाच त्यांच्या हातावर परत ठेवला. "गाडी चालू आहे आणि मी ती रद्द झाली म्हणून सांगू? उठा." ते लोक उठले. काकांनी आत हाक मारली, "अगं, ऐकलंस का, चहा." तीनदा.

या 'अगं, ऐकलंस का'ला ओ देणाऱ्या काकूंबद्दल आता सांगितलं पाहिजे, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

काकू मूळच्या दुर्गाघाटावरच्या. कित्येक पिढ्या काशीत राहिलेलं मराठी घराणं. त्यांचं मराठी बनारसी वळणाचं होतं, 'हल्ला करू नका' म्हणजे आरडाओरडा करू नका. अंगाने किरकोळ, चालणं झपझप. मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या. शाळेच्या दारात सीवर, म्हणजे गटार, तुंबलेलं असे, बारा महिने. मुली सलवार वर धरून, विटांवरून उड्या मारत शाळेत जात. एक मुलगी घसरून पडली, तिने शाळाच सोडली. तेव्हापासून काकू अर्ज घेऊन सीवर बघणाऱ्या दफ्तरात खेपा घालत होत्या. तिथला बाबू दर वेळी मान वर न करता विचारायचा, "किसके घर से हैं?" तिकडे बायकोला 'हमारे घर से' म्हणतात. काकू नवऱ्याचं नाव सांगायच्या, बाबू तेच लिहून घ्यायचा आणि म्हणायचा, "ठीक है, साहब को भेज दीजिएगा."

"सीवर तुंबलंय ते मी बघते," काकू मला एकदा भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "दुर्गंध माझ्या नाकात जातो, मुली माझ्या पडतात, आणि भेजायचं कोणाला, तर यांना. हे तर त्या गल्लीतून जातच नाहीत." आवाज चढला नव्हता, पण भाकरी ताटात जरा जोरात पडली.

आणि त्या साली आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला.

चौतऱ्यावर गर्दी उसळली. प्रत्येक झेंड्याला कोणाच्या ना कोणाच्या 'घर से' हवी होती. "भाभीजी का बस नाम रहेगा, काम तो सब आप ही करेंगे," असं पुढारी काकांना समजावत होते. काकू आतून बाहेर आल्या, हात पदराला पुसत. म्हणाल्या, "उभी राहते. पण कोणाच्या झेंड्याखाली नाही, आणि यांच्या नावावर नाही. माझ्या." मग आत निघून गेल्या. सगळे काकांकडे बघत राहिले. काका म्हणाले, "ऐकलंत ना." आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की जणू काही आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या सांगून झाल्यावर पहिल्यांदा स्वतःची गाडी लागली होती.

अपक्ष म्हणून काकूंना केतली ही निशाणी मिळाली. चहाची. घोषणेसाठी काकांनी दोन दिवस जेवणाकडे लक्ष दिलं नाही. पानावर पान. तिसऱ्या दिवशी काकूंना आणि मला समोर बसवून त्यांनी ती ऐकवली.

"अनाउंसर साहब के घर से. निशान केतली."

मी म्हटलं, "वा." खरंच वा होती. लहान, गोल, पानासकट म्हणता येणारी. गल्लीत काकांना ओळखत नाही असा माणूस नव्हता.

काकूंनी समोरचा पानाचा डबा बंद केला. मग म्हणाल्या, "यात मी कुठे आहे?"

"ही काय, 'घर से' मध्ये," काका म्हणाले.

काकूंनी पुढे वाद घातला नाही. मला तेव्हा वाटलं, पटलं असावं. लग्नाआधी मला असंच वाटायचं.

आमच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही, रिक्षासुद्धा नाही. त्यामुळे प्रचार म्हणजे एकाच्या खांद्यावर भोंगा, दुसऱ्याच्या डोक्यावर बॅटरी आणि मध्ये माइक घेतलेले काका. समोरून सांड आला की सगळी निवडणूक भिंतीला चिकटून उभी राहायची. मी बँकेचा नोकर, मला प्रचारात पडायची बंदी, म्हणून मी मागे नुसता चालायचो. काका दूधविनायकापासून दुर्गाघाटापर्यंत तो सुंदर आवाज सोडत जात. लोक खिडक्यांतून हात हलवत. सगळं छान चाललं होतं.

मंगळवारी काकांनी नेहमीप्रमाणे रांगेत घोषणा सोडली, पण शेवटाला जायला त्यांना जमलं नाही. वाटेत कोणी गाठलं आणि ते बोलत राहिले. दुपारी घरी आले तर काकू ओटीवर बसलेल्या.

"मी गेले होते मंगला गौरीला," त्या म्हणाल्या. "रांगेच्या शेवटी उभी होते, पदर घेऊन. कोणी ओळखलं नाही."

"मग? पोचली?" काकांनी उत्सुकतेने विचारलं.

"पोचली की. माझ्या पुढच्या बाईने मागे वळून मला सांगितलं, अनाउंसर साहब खड़े हैं. आणि तिची सून म्हणाली, पर सीट तो औरत की है, उनका परचा तो खारिज हो जाएगा, वोट बेकार काहे करें." काकू उठल्या. "तुम्ही उभे आहात, असं सगळ्या रांगेला कळलंय. आणि तुमचा अर्ज बाद होणार, असंही. म्हणजे गाडी माझी आणि फलाट तुम्ही चुकीचा सांगितलात."

इतकं बोलून त्या आत गेल्या. काका जिथे उभे होते तिथेच उभे राहिले. त्यांना कोणी चोर म्हटलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

मतदान अगदी तोंडावर आलं होतं. त्यातच त्या संध्याकाळी आमच्या अंगणात तुळशीचं लग्न होतं. आसपासच्या मराठी घरांतल्या बायका जमल्या. अंतरपाट झाला, ऊस, आवळे, चिंचा, आणि मग नेहमीप्रमाणे 'नाव घ्या, नाव घ्या' सुरू झालं. एकेकीने उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं. काकूंनीही घेतलं, खालमानेनं, भरभर. आणि तेवढ्यात एक जाडजूड वहिनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या काकांकडे वळून म्हणाल्या, "आता तुम्ही घ्या काकूंचं. निवडणूक त्यांची आहे ना?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. काका पुढे आले. घसा खाकरला. म्हणाले, "आमच्या... हमारे..." पुन्हा खाकरले. "माइक नाहीये," म्हणाले. बायका हसून हसून वाकल्या. काका वळले आणि जिना चढून सरळ माझ्या खोलीत आले.

मी मागोमाग गेलो. ते माझ्या खाटेवर बसले होते. "अहो, हिचं नाव मीच ठेवलंय," ते म्हणाले. "लग्नात. माहेरची द्वारका. तांदळाच्या ताटात अंगठीनं मी लिहिलं, कुमुदिनी. केवढा विचार करून लिहिलं होतं. पण त्यानंतर तोंडाने कधी म्हटलं नाही. एकदाही नाही."

"का?"

"आमची आई म्हणायची, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. ते बायकांसाठी होतं, मला समजत होतं. पण मी म्हटलं, उलट बाजूनेही असलं तर? जोखीम कशाला घ्या." ते खाली बघत होते. "मी सगळ्या हिंदुस्थानच्या गाड्यांची नावं घेतली. हिचं तेवढं जपून ठेवलं. आता गल्लीत कोणालाच ते माहीत नाही."

एवढ्या बोलक्या माणसाचं प्रेम एका न उच्चारलेल्या शब्दात बसलं होतं, आणि तोच शब्द आता तिच्या आड येत होता. मी म्हटलं, "काका, काकूंना ते नाव हवंय. आयुष्याचं त्या बघून घेतील."

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी सकाळी काका अंघोळ करून, धोतर नेसून खाली आले. भोंगा तयार होता. चौतऱ्यावर नेहमीची मंडळी. काकांनी माइक हातात घेतला, तोंड उघडलं, आणि मिटलं. मग त्यांनी असं काही केलं, जे त्या गल्लीत कोणी पाहिलं नव्हतं. माइक माझ्या हातात दिला, नालीशी गेले, नुकतंच लावलेलं पान थुंकलं, आणि लोट्यातल्या पाण्याने खळखळून चूळ भरली. "ये नाम पान के साथ नहीं होगा," ते पानवाल्याला म्हणाले. पानवाला घाबरला. त्याला वाटलं, तब्येत बिघडली.

काकांनी तोंडानेच स्टेशनवरची घंटी वाजवली. आणि मग तो आवाज आला. मी तो रोज ऐकत होतो, पण पूर्ण उघडलेला त्या दिवशी ऐकला.

"कृपया ध्यान दें. कुमुदिनी." थांबले. "कुमुदिनी." या वेळी सावकाश. आणि तिसऱ्यांदा, जरा रेंगाळून, "कुमुदिनी. निशान केतली. हम इनके पति हैं. हम कहीं से खड़े नहीं हैं. खड़ी ये हैं."

गल्ली खो खो हसली. खिडक्या उघडल्या. वरच्या सज्जात काकू वाळवणाचं सूप घेऊन आल्या होत्या. त्यांनी आधी मागे वळून बघितलं, कोणाला बोलावताहेत म्हणून. मागे कोणी नव्हतं. मग त्यांना कळलं. सूप तसंच हातात धरून त्या बसल्या, आणि पदर तोंडाला लावून हसल्या का रडल्या, ते मला खालून दिसलं नाही.

त्या दिवशी काका आवाज बसेपर्यंत फिरले. विशेष म्हणजे पुढचं काम त्यांना करावंच लागलं नाही. शाळेतल्या मुली एका गल्लीच्या टोकाला 'कुमुदिनी' म्हणत, दुसऱ्या टोकाच्या मुली 'केतली' म्हणत, आणि दुपारपर्यंत पानवालासुद्धा म्हणायला लागला. तो मात्र प्रत्येक वेळी आधी थुंकायचा. काकांच्या पानाच्या सिद्धांताचा असा निकाल लागला, आणि त्यांना त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

काकू निवडून आल्या. सीवर लगेच दुरुस्त झालं नाही. काका रोज शाळेच्या मुलींना 'थोड़ी ही देर में' म्हणून सांगत. पण झालं, पुढच्या पावसाळ्याच्या आत झालं, आणि विटा उचलून शाळेच्या पायरीला लावल्या. घरी काकांनी जुनी हाक चालू ठेवून बघितली, पण 'अगं, ऐकलंस का'ला काकू आता ओ देईनात. नाव घेतल्यावरच चहा मिळे. काकूंचं आयुष्य घटल्याचं काही दिसलं नाही. उलट त्या जाड झाल्या.

मला त्यातलं सगळ्यात जास्त आठवतं ते दफ्तर. निवडून आल्यावर काकू पहिल्यांदा तिथे गेल्या, तेव्हा काका आणि मीही बरोबर होतो. तोच बाबू. पण या वेळी उभा राहिला, खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "मैडम, शुभ नाम?"

"कुमुदिनी," काकू म्हणाल्या. बाबूने लिहून घेतलं. मग त्याने त्यांच्या मागे उभ्या असलेल्या धोतरातल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"और आप?"

काकांनी घसा खाकरला. अर्ध्या दफ्तराने माना वर केल्या, कारण तो आवाज त्यांनी कुठल्या ना कुठल्या फलाटावर ऐकलेला होता.

"जी," काका म्हणाले, "हम इनके घर से."